बैल कुठल्या रंगाचा

किस्से साठायला लागले की त्यांचं काय करायचं, हे मला हल्ली कळत नाही. पूर्वी सोपं होतं. इथे परदेशात, वेरिबी गावाजवळच्या भाजीच्या शेडमध्ये रोज काहीतरी घडायचं, आणि शिफ्ट संपली की मी गाडीत बसून मुरुडला दादाला फोन करायचो. "बोल, आज काय?" तो विचारायचा, की मी सगळं ओतून मोकळा.

दादा जाऊन तीन आठवडे झाले. कोविडने. विमानं बंद होती, मला जाता आलं नाही. शेवटच्या फोनवर मी त्याला जे बोललो, ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्याचं नंतर बघू.

मी दहावी नापास. बायको इथे नर्सिंग शिकते, तिच्या व्हिसावर मी आलो. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी बसले, पण कोबी थोडाच थांबतो? आम्ही परमिट घेऊन कामावर. टेबलावर चौघं : मी, इथिओपियाची अल्माझताई, घानाचा फोर्कलिफ्टवाला क्वामे आणि दक्षिण सुदानचा माबिओर. माबिओर दारातून वाकून आत येतो, एवढा उंच.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "तुम्ही तिघं घरची भाषा बोलत जा की, मला चालेल."

अल्माझताई म्हणाली, "बाळा, मला या दोघांची भाषा तुझ्याइतकीच कळते."

* * *

सकाळच्या सुट्टीला इथे स्मोको म्हणतात. अल्माझताई म्हणाली, "दोन वाजता माझ्याकडे कॉफी प्यायला ये." मी सकाळी उपाशी राहिलो, दुपारी दोनला कप घेऊन हजर. ती बॅग आवरून घरी निघालेली.

"आठ वाजता का नाही आलास?"

"तूच दोन म्हणालीस ना?"

तिने मनगट पुढे केलं. काटे खरंच सहा तास मागे. तिच्याकडे दिवस उजाडला की घड्याळ सुरू होतं. सूर्य वर आला की एक तासाने एक, दोन तासांनी दोन.

मी दादाला सांगितलं. दादा राजपुरीच्या जेट्टीवरून जंजिऱ्याला जाणारी शिडाची होडी चालवायचा. म्हणाला, "बाईचं बरोबर आहे. रात्री बारा वाजता कुणाचा दिवस सुरू होतो? चोराचा."

* * *

एकदा ती बोलता बोलता म्हणाली, "आम्ही हबेशा."

मी फिस्सकन हसलो. तिचा चेहरा उतरला. मग मला सांगावंच लागलं. मी घरात सगळ्यात काळा, म्हणून दादा मला लहानपणापासून 'हबशी' म्हणायचा. मी त्यावरून त्याला दगडही मारलाय.

"आणि हबशी म्हणजे कोण, ते माहीत होतं तुला?"

नव्हतं. मी सरळ व्हिडिओ कॉल लावला. दादाने फोन फिरवून समुद्रातला किल्ला दाखवला. "ताई, हा तुमच्या लोकांचा. इथे हबशांनी पिढ्यानपिढ्या राज्य केलं."

अल्माझताईने मास्क खाली केला, डोळे बारीक करून बघत राहिली. "ते तिथे पोचले कसे?"

पर्यटकांना दादा हे गमतीत सांगायचा, तिला तसं सांगता येईना. "काही व्यापारी होते, काही शिपाई. पुष्कळांना गुलाम म्हणून विकलं होतं. त्यांच्यातलेच पुढे सरदार झाले."

ती म्हणाली, "आम्हाला शाळेत हे कुणी शिकवलं नाही."

"आम्हालाही नाही," दादा म्हणाला. "मी होडीत सांगतो. चाळीस मिनिटांत."

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "तुझ्या दादाने शिवी नव्हती दिली. तुला किल्ला दिला होता."

* * *

क्वामे म्हणजे शनिवारी जन्मलेला मुलगा. त्याच्याकडे वारावरून नाव ठरतं. मी म्हटलं, आमच्या आजोळी सोमा आणि बुधा होते, त्यात काय विशेष? त्याने माझा वार विचारला. मला माहीत नव्हता. दादाला फोन. दादाने आईला विचारलं. मी मंगळवारचा, म्हणजे क्वाबेना. दादा शुक्रवारचा.

"मग तुझा भाऊ कोफी," क्वामे म्हणाला.

दादा तिकडून ओरडला, "कॉफी? त्याला सांग, मी चहावाला माणूस आहे!"

* * *

एकदा माबिओरने क्रेट चुकीचा लावला आणि तो माझ्या पायावर पडला. मी मराठीत ओरडलो, "बैल कुठला!"

तो जवळ आला. "काय म्हणालास?"

सात फुटी माणूस समोर उभा. मला खोटं सुचेना. म्हटलं, "तुला बैल म्हणालो."

त्याने गंभीरपणे विचारलं, "कुठल्या रंगाचा?"

मी घाबरून म्हटलं, "पांढरा."

"माझं नावच ते! माबिओर म्हणजे पांढरा बैल. तुला कुणी सांगितलं?"

मग कळलं. त्याच्या दिनका लोकांत मुलगा मोठा झाला की त्याला बैल मिळतो. त्या बैलाच्या रंगावरून मुलाला नाव पडतं, आणि तो त्याच्यावर गाणी रचतो. तांबडा असेल तर मलुआल. गाताना दोन्ही हात वर धरायचे, शिंगांसारखे. माझा पाय सुजला होता, आणि हा हात वर करून मला शिंगांचा बाक दाखवत होता.

* * *

दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. घरी बसून काय करणार? स्मोकोला अल्माझताईने विचारलं, "दादाला आज काय सांगणार?"

"काही नाही. तो गेला."

ती म्हणाली, "आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की शेजारी जेवण घेऊन येतात आणि बसून राहतात."

"आमच्याकडेही."

पण लॉकडाऊन होता, कुणाच्या घरी जायला बंदी. म्हणून दुसऱ्या दिवशी आठ वाजता, म्हणजे तिच्या दोन वाजता, तिने कार पार्कमध्ये चार क्रेट उलटे मांडले. दीड-दीड मीटरवर. मधोमध तिची काळी मातीची सुरई. कॉफी तीनदा ओततात. तिसऱ्या कपाला बरका म्हणतात, आपली बरकत. तो प्यायल्याशिवाय उठायचं नाही.

क्वामेने पहिल्या कपातली थोडी मुद्दाम डांबरावर सांडली. "कोफीसाठी," म्हणाला. "चहा नाहीये, चालवून घे म्हणावं."

तिसऱ्या कपाला मी बोललो. दादा ताप अंगावर काढून जेट्टीवर जात होता. मास्क खिशात. मी फोनवर भडकलो. "अक्कल आहे का? बैल आहेस नुसता!" आणि फोन कापला. तोच शेवटचा. पाच दिवसांनी तो गेला. गमतीत नव्हतो म्हणालो.

अल्माझताई कपाच्या तळाकडे बघत राहिली.

मग माबिओरने विचारलं, "कुठल्या रंगाचा?"

होडीवर उभा राहून राहून दादा उन्हाने कसा झाला होता, ते आठवलं.

"तांबडा," मी म्हटलं.

तो क्रेटवरून उठला. दोन्ही हात वर केले, बाक देऊन, आणि गायला लागला. शेडच्या दारातून सुपरवायझर बाहेर आला, घड्याळाकडे बघितलं आणि तसाच उभा राहिला.

गाणं त्याच्या भाषेतलं. मला दोनच शब्द कळले. एक मलुआल. आणि दुसरा, त्याला ते नावच वाटत होतं, दादा.