स्टेपनी नसलेली गाडी

काल डिकीत बोंबलांची पिशवी उपडी झाली. पुसायला स्टेपनी काढली आणि रबराच्या वासाने थेट आमच्या लग्नाच्या दिवशी नेलं.

तेव्हा माझ्याकडे जुनी, छोटी गाडी होती. वेगासाठी मी तिचा सायलेन्सर कापला, मागची सीट काढली, वजन नको म्हणून स्टेपनीही घरी ठेवली. लग्नाला निघालो तेव्हा सायवनच्या चढावर ती अशी सुटली, की आपण नवरदेव आहोत हेच मी विसरलो! मांडव मैलभर राहिला आणि टायर फुटला. मुहूर्त टळणार, इतक्यात चिकूंनी भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला,

“बसा नवरदेव, माल समजून नेतो!”

नंतर बायको म्हणाली, “मांडवापर्यंत येणारा गाडीचा आवाज थांबला तेव्हा वाटलं, नवरा माघारी फिरला. रडूच फुटलं. पण येताना काय गरजत होती हो गाडी!”