आमच्या कारखान्याचं औषध

कुणाच्या घरी गाठ निघाल्याचं कानावर आलं, की मी चपला सरकवतो आणि बोलावणं नसताना जातो. पेशंटबरोबर मुंबईच्या इस्पितळात रांगेत उभा राहतो, नातेवाइकांच्या जेवणाची सोय लावतो, आणि "आधी इथलंच औषध करून बघू" म्हणणाऱ्यावर खेकसतो. लोक मला समाजसेवक म्हणतात. त्यांना काय माहीत! बायकोसाठी जे करायचं राहिलं, ते मी दुसऱ्यांच्या दारात जाऊन करतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना नवा नवा निघाला होता आणि मी औषधाच्या बाटल्यांना टोपणं बसवायच्या खात्यात लागलो होतो. सातवी शिकलेला माणूस, पण रुबाब असा, जणू ते औषध मीच शोधून काढलंय. आमच्या चाळीत बहुतेक घरं कारखान्यातल्या कामगारांचीच. सगळ्यांचाच रुबाब तसा.

तेव्हा बायकोच्या डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ निघाली. तिने ती मला नाही, शेजारच्या मावशींना दाखवली. मावशी इथल्याच जुन्या गावकरी. त्या मला म्हणाल्या, "पुन्याला ने तिला. मला ह्ये काय बरं दिसत न्हाई." पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कॅन्सर वाटतो. याच आठवड्यात मुंबईला न्या. गाठ काढून टाकावी लागेल."

घरी आलो तर अख्खी चाळ आमच्या खोलीत जमलेली. मरणाच्या दारातून माणसं परत आणणारं औषध आपण बनवतो, आणि आपल्याच माणसाला कापून घ्यायला मुंबईला न्यायचं? सगळ्यांना पटलं. सगळ्यांच्या आधी मला पटलं. तेव्हाच्या त्या माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते अजून.

मग चाळीने कंबर कसली. दवाखान्यातला कंपाउंडर रोज येऊन पेनिसिलिनचं इंजेक्शन टोचायचा. सुई उकळायची पाळी एकीची, भाकरी थापायची दुसरीची, तिला न्हाऊ घालायचं काम मावशींचं. बाजारातून आणलेली बाटली तिच्यापुढे धरून मी म्हणायचो, "हे टोपण मीच बसवलेलं असेल बघ." ती हसायची. पुढे गाठ फुटून जखम झाली, तिच्यात पू झाला. इंजेक्शनांनी पू आटला, ताप उतरला. चाळीत पेढे वाटले. आत गाठ वाढतच होती. असे चार महिने गेले. इतकी माया क्वचितच कुणाच्या वाट्याला येते, आणि त्या मायेतच आम्ही तिचा वेळ घालवला.

मुंबईला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" त्यांनी घरी न्यायला सांगितलं.

चाळीने पाळ्या मोडल्या नाहीत, पण आता डबा उंबऱ्यावर ठेवून बायका मागच्या मागे परतायच्या. जखमेला वास येत होता. मावशी तेवढ्या आत येऊन पट्ट्या बदलायच्या. बाकीच्यांचा मला राग यायचा. खरं तर मीही दाराशी बसायला लागलो होतो.

त्याच सुमारास शेजारच्या सायकलवाल्या चाचांच्या नातीला न्यूमोनिया झाला. पोरीची धाप भिंतीतून ऐकू येत होती. बायकोने फळीवरच्या उरलेल्या बाटल्यांकडे बोट दाखवलं. "त्या पोरीला द्या." मी कंपाउंडरला बोलावलं आणि बाटल्या घेऊन चाचांकडे गेलो.

पाचव्या दिवशी सकाळी पोरीची आई तिला कडेवर घेऊन आली. वासाची पर्वा न करता थेट आत येऊन तिने पोरीला अंथरुणाशी उभं केलं. पोर बटाट्याचा तुकडा चघळत होती. बायकोने तिच्या पायाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

मग तिने मान वळवून मला शोधलं. मी दाराशी होतो.

"बघा," ती म्हणाली, "तुम्ही म्हणत होता तेच खरं. चांगलं आहे तुमचं औषध."

टोमणा असता तर मी सोसला असता. तिने ते मनापासून म्हटलं होतं, मला बरं वाटावं म्हणून.