तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

आमच्या निपाणीकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही तीस वर्षं घेतलं नाही. पण या माणसाबद्दल लिहायचं तर एकदा घ्यावंच लागेल. यल्लाप्पा. यशवंतपूरला त्यांचं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे आणि एवढा हट्टी माणूस अख्ख्या बेंगळूरमध्ये दुसरा सापडायचा नाही.

गॅरेजचं नाव झालं ते ह्यांच्या कानामुळे. इंजिन ठोकत असलं, म्हणजे आतून टक-टक वाजत असलं, की हे हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवतात, मूठ कानाजवळच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटतात. मग इंजिन चालू ठेवूनच एकेका सिलिंडरच्या डिझेल-नळीचा नट ढिला करतात. ज्याचं डिझेल तोडल्यावर ठोका थांबतो, चोर तिथे. बाकीचे मेस्त्री आधी इंजिन उघडतात, हे आधी ऐकतात. त्यासाठी लोक तुमकूरहून गाड्या आणायचे.

आणि याच माणसाला दोन वर्षं झाली, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

मी राजाजीनगरला घरी ब्लाउज शिवते. सुई केसभर वाकली तरी मला मशीनच्या आवाजावरून कळतं. तेव्हा कुणाला काय ऐकू येतं आणि काय नाही, हे मला कुणी शिकवू नये. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून शंभर वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. एकदाच खरं बोलले, "कान गेला हे यशवंतपुरात कळलं की संपलं बघ. मग माझ्याकडं गाडी कोण लावंल?" माणूस खरं बोलला की मला जास्तच राग येतो.

विश्वासराव आमच्या गावाकडचेच. वीस वर्षांची जुनी डिझेल गाडी, मागच्या सीटा काढून चिकपेटचे कापडाचे गठ्ठे तुमकूरला पोचवतात. गाडी ठोकायला लागली. दुसऱ्या गॅरेजने सांगितलं, बेअरिंग गेलंय, पूर्ण इंजिन खोलावं लागेल. ते ह्यांच्याकडे आले. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि दुसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे आत डिझेल फवारणारा भाग, काढून साफ केला. गाडी नेलमंगलपर्यंतही गेली नाही, ठोका तसाच. परत आली. ह्यांनी इंजिनखालचे रबर बदलले. पुन्हा तसाच.

तिसऱ्या वेळी मी तिथे होते. चिकपेटला अस्तर आणायला गेले होते, तिथून मेट्रोने थेट यशवंतपूरला उतरले, कारण सकाळी डबा विसरून गेले होते महाराज. विश्वासराव बॉनेटपाशी उभे होते, तोंड पडलेलं.

"अण्णा, तुमच्या शब्दावर दोनदा माल अडकला," ते म्हणाले. "आज सापडलं तर सरी. नाही तर त्या लोकांच्याकडं नेऊन इंजिन खोलतो."

"सापडतंय की. स्वल्प थांबा," हे म्हणाले आणि गाडी चालू केली.

टक, टक, टक. मला दारातून ऐकू येत होतं. ह्यांनी पहिला नट ढिला केला. ठोका तसाच. घट्ट केला. दुसरा. तसाच. तिसरा ढिला केला आणि ठोका बंद! इंजिन तीन पायांवर चालल्यासारखं लंगडत होतं, पण टक-टक गायब. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. आणि हा माणूस शांतपणे नट घट्ट करून चौथ्याकडे वळला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विश्वासराव बिचारे मान खाली घालून मोबाइल बघत होते. तोंड उघडावं तर नवऱ्याची इभ्रत गिऱ्हाइकासमोर जाते, गप्प बसावं तर हे नको ते उघडणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मी डबा ठेवला आणि ह्यांच्या समोर, बॉनेटच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. तीन बोटं दाखवली. ह्यांनी भुवया चढवल्या. पुन्हा दुसरा नट सोडला. मी नाही म्हणून मान हलवली. तिसरा सोडला. मी मान डोलावली. हे माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा, इंजिन चालू असताना, डोळे उघडे ठेवून.

मग मुकाट्याने तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर काढला आणि खात्रीसाठी चौथ्याशी अदलाबदल केली. गाडी चालू केली. आता चौथा नट सोडल्यावर ठोका बंद झाला, हे मी बोटांनी सांगितलं. ठोका इंजेक्टरबरोबर सरकला, म्हणजे बेअरिंग ठणठणीत. इंजेक्टर तपासायच्या पंपावर लावला तर डिझेलचा फवारा उडायच्या ऐवजी थेंब गळत होते. नोझल नवं बसवलं आणि संध्याकाळी पाचला गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली.

"अण्णा, कान म्हणजे तुमचा कान!" विश्वासराव म्हणाले.

हे हात पुसत राहिले. मला वाटलं, आता तरी सांगतील. छे!

घरी येताना स्कूटरवर मागे बसून मी सगळा राग काढला. किती दिवस लपवणार? रोज मी येऊन बोटं दाखवू? माझी ब्लाउजं कोण शिवणार? विश्वासरावांचं इंजिन उगाच खोललं गेलं असतं तर? वाऱ्यात ह्यांच्यापर्यंत एक शब्द पोचला असेल तर शपथ.

राजाजीनगरच्या सिग्नलला स्कूटर थांबली. तेव्हा हे मान अर्धी वळवून म्हणाले, "उद्या गॅरेज उशिरा उघडतो. सकाळी कानाच्या डॉक्टरकडं जायचं. तू पण चल."

"मी कशाला?" मी त्यांच्या कानात ओरडले. "माझी सहा ब्लाउजं पडलीत."

"अगं, डॉक्टर काय बोलालाय ते मला ऐकू आलं नाही तर?"

सिग्नल कधी हिरवा झाला कळलं नाही. मागचा रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि हे तसेच थांबले होते. मी खांद्यावर थाप मारली. स्कूटर निघाली.