कापलेली शिंगं
पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायच्या ऑइल पेंटचा वास नाकात गेला की माझं डोकं सणकतं. काही वर्षांपूर्वी अशाच पोळ्याला जानेफळात मित्राच्या माडीवर आम्ही दोघं एका जुन्या गेम कन्सोलसाठी गेम बनवत होतो. प्रोग्रॅम त्याचा, चित्रं माझी. खाली अंगणात त्याचे वडील शिंगं रंगवत होते, तो उग्र वास वर येत होता. आमच्या गोठ्यातला रुंद शिंगांचा बैल मी ठिपका ठिपका जोडून काढला होता. पडद्यावर तो सरळ उभा असला की झकास दिसायचा, पण तिरका फिरवला किंवा मोठा केला की शिंगांची टोकं कापल्यासारखी गायब. "तुले चित्रच काढता येत नाही बे," मित्र खेकसला, "एवढाले शिंगं काऊन काढतं? कमी कर." मी कमी केली. तरी कापली. "अजून कमी कर!" बैलाचं पार वासरू झालं. शेवटी मीच त्याचा प्रोग्रॅम वाचला. फिरणाऱ्या चित्राला जास्त जागा लागते, त्याची चौकट दुप्पट धर, हे कन्सोलला सांगायचंच हा विसरला होता. मी दाखवल्यावर त्याने एक ओळ बदलली, बैल गर्रकन अख्खा फिरला, आणि हा म्हणतो, "मी तेच सांगून राह्यलो होतो तुले." माझी जुनी शिंगं त्याने परत लावलीच नाहीत, गेममधला तोच आखूड शिंगांचा, खुडका बैल गावभर दाखवत मिरवला. यंदा पोळ्याला तो आमच्या बैलासोबत फोटो काढायला आला. मोबाइल मागेपुढे करत म्हणाला, "बाप्पा, काय शिंगं हायेत! फोटोत मावूनच नाही राह्यले." मी म्हटलं, "मंग काप."