देवघरातला रोमचा बादशहा

माझ्या सासरच्या देवघरात रोमचा एक बादशहा कित्येक वर्षं आजेसासरे म्हणून पुजला जात होता. पुढं माझ्याकडून वर्णन ऐकून एका मास्तरांनी मला हे सांगितलं, तेव्हा मी पोट धरून हसले. पण लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्याच बादशहानं मला रडवलं होतं.

आमच्या तेर गावात पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती खणताना जुने मणी, खापरं निघायचीच. आजेसासरे वारले तेव्हा त्यांचा चांदीचा टाक करण्याची घरची ऐपत नव्हती, आणि टाक नाही तर पितर देवघरात बसणार कसे? त्याच सुमारास मातीत ब्राँझचा एक गोल तुकडा सापडला. त्यावर पुरुषाचं तोंड, डोक्याला पानांची माळ. तेव्हा इथं निजामाचं राज्य; त्याच्या नाण्यावर चारमिनार असायचा, माणसाचं तोंड नसायचं. त्यामुळे हे नाणं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. सरळ नाक बघून सगळे म्हणाले, हे तर आपले म्हातारबा! झालं, बसवले देवघरात.

नणंदेच्या लग्नाआधी देव उजळायचं काम माझ्याकडे आलं. नव्या सुनेचा उत्साह तो! चिंच लावली, विटेची भुकटी लावली आणि हात दुखेपर्यंत घासलं. धुऊन बघते तर नाक नाही, डोळे नाहीत, तोंडच नाही. ती नक्षी गंजाच्या आधारानंच टिकून होती आणि मी गंजासकट तिला खरवडून काढलं होतं. उद्या देवक बसायचं होतं. मला आता माहेरी धाडणार, याबद्दल मला जराही शंका उरली नाही.

सासूबाई आल्या. त्यांच्या फटकळ तोंडाचा धाक सगळ्या गल्लीला होता. मी टाक पुढं केला नि कशीबशी म्हणाले, "आत्याबाई, माझ्या हातून म्हातारबा पुसले गेले."

त्यांनी तो हातात घेतला. मग त्यांनी तो उलटा केला. टाकाची पाठ कोरी असते, म्हणून आजवर मागं कुणी बघितलंच नव्हतं. तिथं गंधाचा नि काजळीचा थर बसला होता. त्यांनी बोटानं हलकेच चिंच चोळली. आतून एक बाई दिसू लागली. उभी, हातात कणसं घेतलेली.

"अगं बया! ह्या तर माझ्या सासूबाई," त्या म्हणाल्या. "दुष्काळात ह्यांनीच घर जगवलं, आन् त्यांचा टाक कुणी केला न्हाय. इतकी वर्सं आमी त्यांना पालथंच घातलं व्हय!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. पदरानं तोंड पुसून त्यांनी कुंकवाचा करंडा माझ्यापुढं सरकवला.

"पयलं बोट तू लाव. तुझ्यामुळं उठल्या त्या."