एका खेपेचं पाणी

सरांनी माझ्या वस्तीला फसवलं. टँकरची एक खेप घेतली आणि बदल्यात जे कबूल केलं होतं ते दिलं नाही. सौदा मी जुळवला होता, म्हणून सांगायचं कामही माझंच.

दुष्काळाचं साल. उन्हाळ्यातली सकाळ. कॉलेजचं मागचं गेट. गेटबाहेर सखूमावशी उभी आणि तिच्यामागं आमच्या वस्तीतल्या बाया. सगळ्यांच्या अंगावर धुतलेली लुगडी. त्या साली धुतलेलं लुगडं नेसून येणं म्हणजे काय, हे ज्यानं ड्रमाचा तळ खरवडलाय त्यालाच कळेल. एकीच्याही हातात हंडा नव्हता. पाणी मागायला नव्हत्या आल्या. पाहुण्या म्हणून आल्या होत्या.

सर गेटपर्यंत आले. बायांकडं बघितलंच नाही. मला म्हणाले, "तुझी माणसं बाहेरच थांबव. टाकीजवळ गर्दी नको, पाणी खराब होतं."

पाणी त्या बायांचंच होतं.

मी तेव्हा सरांच्या हाताखाली पदार्थविज्ञानात पीएचडी करत होतो. आई शहागंजच्या बाजारात भाजी विकायची. तिच्या टोपलीशेजारी बसून मी घासाघीस शिकलो. गिऱ्हाईक पाठ फिरवून किती पावलं गेलं की हाक मारायची, हे मला पुस्तकं वाचायच्या आधी येत होतं. कॉलेजातही तेच कामाला आलं. प्रयोगशाळेला जुनी केबल हवी, पत्रा हवा, जस्ताचे पाइप हवेत, की सर मला चिकलठाण्याच्या कारखान्यांकडं पिटाळायचे. मी भांडून, हुज्जत घालून आणायचो. सर खूश. मीही खूश. तेव्हा मला ती कौतुकाची गोष्ट वाटायची.

आमचा प्रयोग आकाशातून येणाऱ्या कणांचा होता. लांब कुठंतरी तारे फुटतात, तिथून निघालेले कण आपल्या हवेवर आदळतात, आणि त्या धडकेतून म्युऑन नावाचे बारीक कण खाली बरसतात. रात्रंदिवस. छपरातून, भिंतीतून, माणसाच्या अंगातून आरपार. ते दिसत नाहीत. पण पाण्यात प्रकाशाचा वेग मंदावतो आणि या कणाचा वेग त्याहून जास्त राहतो. मागं निळसर उजेडाची पुसट रेघ सोडून तो निघून जातो. तो उजेड पकडायचा. त्यासाठी माणसापेक्षा उंच काळी टाकी, आतून पांढरं अस्तर, वर झाकणात खाली डोळा लावून बसलेली काचेची नळी, आणि काठोकाठ नितळ पाणी. आत काळोख असा हवा की सुईच्या टोकाएवढा उजेडही शिरता कामा नये.

तो काळोख तपासायचं काम माझं. रिकाम्या टाकीत उतरून बसायचं, वरून झाकण लावून घ्यायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं. मग कुठं एखादं छिद्र चांदणीसारखं चमकायला लागायचं. तिथं बोट ठेवायचं आणि हाक मारायची. बाहेरून श्रीरंग काळी पट्टी चिकटवायचा. श्रीरंग माझ्याच बरोबरचा. वडील वकील, आजोबा तहसीलात होते. चांगला पोरगा. पण टाकीत तो एकदाही उतरला नाही. त्यानं उतरावं असं कुणाला सुचलंही नाही. मलासुद्धा नाही. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या पोटात मी घामानं निथळत बसायचो आणि मला वाटायचं, मी संशोधन करतोय. करतच होतो. अडचण वेगळी होती. बाहेर उभे असलेले लोक त्याला संशोधन म्हणत नव्हते.

टाकी तयार झाली आणि शहरातलं पाणी आटलं. जायकवाडीचं धरण तळाला गेलं. कॉलेजला जेमतेम पिण्यापुरतं मिळायचं. तिकडं मुंबईहून एक मोठे शास्त्रज्ञ टाकी बघायला यायचे होते. त्यांना ती चालू दिसली तर सरांचा पुढचा मोठा प्रकल्प मंजूर होणार होता. सरांनी मला बोलावलं. म्हणाले, बाकी सगळं तू आणलंस, आता पाणी आण.

मी फुलंब्रीच्या विहिरींपर्यंत जाऊन आलो. टँकरवाल्यांच्या हातापाया पडलो, शिव्याही दिल्या. पाणी नव्हतं. जे होतं ते वस्त्यांना ठरलेलं. आमच्या वस्तीलाही ठरलेलं. वस्ती कॉलेजच्या भिंतीला लागूनच. भिंतीच्या या बाजूला रिकामी टाकी, त्या बाजूला हंड्यांची रांग.

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर मी विषय काढला. नंबर लावायचं काम सखूमावशीकडं होतं. रांगेत तिचा शब्द शेवटचा. तिनं आधी ऐकून घेतलं.

"पिण्याला नाय, धुण्याला नाय. मंग कशाला पायजे तुझ्या सायबाला पाणी?"

मी सांगितलं. हात पुढं करायला लावला. म्हणालो, आत्ता या तळहातातून एक गेला. हा बघ, दुसरा. मावशीनं हात उलटा करून खालून बघितला. बाया हसल्या.

"आमच्या पत्र्यातून बी येतो?"

"पत्र्यातून बी, बंगल्याच्या स्लॅबातून बी. त्याला कुणी अडवू शकत नाय."

"कोणाची वस्ती हाय, इचारत नाय?"

"नाय."

"मंग तुझ्या कॉलेजपेक्षा शहाणा दिसतो," मावशी म्हणाली, आणि ओटाभर हसू फुटलं.

मग ती गंभीर झाली. तिच्या घरात सून बाळंतीण होती. तरी ती म्हणाली, एक खेप सोडू. फुकट नाय. त्या दिवशी आम्हाला आत न्यायचं. तुझ्या सरांनी स्वतः सांगायचं, आमच्या पाण्यात काय दिसलं ते. तू नाय सांगायचं, तू घरचा हायस. सरांनी.

शहागंजात जन्म काढलेल्या माणसाला विचारा, सौदा चोख होता. मी तो सरांकडं नेला. सरांनी माझा हात हातात घेतला. "अवश्य. विज्ञान सगळ्यांचं असतं," म्हणाले.

टँकर आमच्या वस्तीवरून पुढं गेला आणि कॉलेजात रिकामा झाला. पाणी गढूळ होतं. आई ड्रमात फिरवायची तशी मी त्यात तुरटी फिरवली, गाळ बसवला, मग क्षार काढायच्या यंत्रातून हळूहळू टाकीत सोडलं. झाकण बंद केलं. नळीला जोडलेल्या पडद्यावरची हिरवी रेघ शांत पडून होती. आणि मग उडी, पहिला कण. पुन्हा उडी. मी श्रीरंगला मिठी मारली. भिंतीपलीकडं त्या दिवशी चूल उशिरा पेटली, हे मला घरी गेल्यावर कळलं.

आता पुन्हा गेटवर या.

"सर, टाकी बंद आहे," मी म्हणालो. "त्यात उजेडसुद्धा शिरत नाही. बायांनी पाणी कसं खराब होईल?"

सर म्हणाले, "वाद घालू नकोस. पाहुणे आलेत. यांना नंतर कधीतरी दाखवू." आणि वळले. वॉचमननं गेट ओढून घेतलं. जातीचा शब्द कुणी काढला नाही. लागतच नाही तो. गेट पुरतं.

मावशी मला म्हणाली, "तू जा आत. आम्ही थांबतो." तिला अजूनही वाटत होतं की मी काहीतरी करीन.

आत श्रीरंग टाकीसमोर उभा राहून मुंबईच्या पाहुण्यांना समजावत होता. छिद्रं कशी शोधली तेही. माझी ओळख करून देताना सर म्हणाले, हा आमचा व्यवस्थापक, काहीही आणून देतो. पाहुणे हसले. माझ्याकडं नाही, माझ्या दिशेनं. मग त्यांनी कौतुकानं विचारलं, एवढ्या दुष्काळात पाणी कुठून मिळवलंत? सर म्हणाले, "संस्थेनं सोय केली."

त्या वाक्याला मी फुटलो.

"संस्थेनं नाही. ज्यांनी दिलं त्या बाया गेटबाहेर उन्हात उभ्या आहेत. त्यांना आत घ्या, म्हणजे मी पुढचं सांगतो. टाकी मी बांधली आहे."

पाहुण्यांनी चष्मा पुसला. सरांनी त्यांच्या कोपराला हात लावला आणि म्हणाले, जेवण थंड होतंय. सगळे निघून गेले. श्रीरंग शेवटी गेला. त्यानं बुटांकडं बघत दार ओढलं. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत राहिली.

मी गेटवर धावलो. बाया नव्हत्या. कार्यक्रम संपला, असं सांगून वॉचमननं त्यांना लावून दिलं होतं.

दुपारी सरांनी खोलीत बोलावलं. रागात नव्हते. ते जास्त वाईट. म्हणाले, तुला व्यवहार कळतो, आपण व्यवहाराचं बोलू. शोधनिबंधात तुझं नाव पहिलं टाकतो, श्रीरंगच्या आधी. प्रबंध लवकर पुढं सरकवतो. पाहुण्यांची माफी माग आणि विषय संपव.

आयुष्यात कुणी मला इतका चांगला भाव दिला नव्हता. मी म्हणालो, माझी अट एकच. वस्तीत चला. ओट्यावर बसा. काय दिसलं ते सांगा.

"त्यांना काय कळणार त्यातलं?"

"मला कळलं ना. मी तिथलाच आहे."

सर हसले. मायेनं हसले. "तू त्यांच्यासारखा नाहीस रे. म्हणून तर तुला इथं घेतलं."

हे वाक्य ते आधीही बोलले होते. प्रत्येक वेळी मी फुगलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आलं. माझी हुशारी त्यांनी माझ्या आईच्या, मावशीच्या अंगावरून सोलून काढली होती आणि मला बक्षीस म्हणून दिली होती. ते बक्षीस मी वर्षानुवर्षं छातीला लावून फिरत होतो. गेटबाहेर बाया उभ्या होत्या त्या दिवशीच नव्हे, मी आत गेलो त्या पहिल्या दिवसापासून त्या बाहेर उभ्या होत्या.

प्रयोगशाळेची किल्ली टेबलावर ठेवली. ज्या गिऱ्हाइकाला मी हाक मारायला शिकलो होतो, त्याच्यासारखा निघालो. सरांनी हाक मारली. मी वळलो नाही.

पीएचडी राहिली. आज चिकलठाण्यात माझा फायबरच्या टाक्यांचा कारखाना आहे. शहर वाढलं, जालना रोडला इमारती उठल्या, प्रत्येक गच्चीवर टाकी लागते. मी विकतो. कणांवरचे निबंध अजून वाचतो. सरांचा तो निबंधही वाचला. माझं नाव नाही. वस्तीचं तर असणारच नव्हतं.

मागच्या महिन्यात फोन आला. श्रीरंग. आता तो विभागप्रमुख आहे. मैदानभर टाक्या मांडून मोठा प्रयोग करणार आहेत, आकाशातून पडणारी कणांची अख्खी सर मोजायची. टाक्या माझ्याकडून हव्यात. उद्घाटनाला निवृत्त सर येणार, त्यांच्या हस्ते माझा सत्कार. म्हणाला, "झालं गेलं सोड ना यार. सरांचंही वय झालं."

वय सखूमावशीचंही झालं. डोळ्यांत मोतीबिंदू. अजून भेटलो की माझा हात धरते आणि विचारते, "काय दिसलं रं तवा आमच्या पाण्यात?" मला सांगता येतं. कारखान्यात टाक्या आहेत, नळी मागवता येते, ओट्यावर पडदा मांडून उद्या हिरवी रेघ उडवून दाखवता येते. मी मुद्दाम दाखवत नाही. मी दाखवलं तर सर सुटले. ते काम मावशीनं मला नव्हतं सांगितलं. सरांना सांगितलं होतं.

श्रीरंगला मी तेच कळवलं. टाक्या तयार आहेत. गाडीत चढवायच्या बाकी आहेत. शाल नको, हार नको, माझं नावही नको. अट जुनीच, भाव कमी होणार नाही.

सर, तुम्ही हे वाचाल. विहाराचा ओटा जागेवर आहे, भिंतही जागेवर आहे. या आणि सखूमावशीच्या समोर बसा. तिच्या पाण्यात काय दिसलं ते सांगा. आणि गेट कुणाच्या भीतीनं लावलं होतं, तेही तिलाच सांगा. तोवर माझ्या कारखान्यातून एकही टाकी तुमच्या मैदानावर उतरणार नाही.