स्टेशनकाकूंचा शेवटचा नियम

अंबत्तूरला आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर जयवंतीकाकू राहतात आणि त्यांच्या समोरच्या दारात मी. काकू त्या बाकीच्यांच्या. माझी ती जयवंती. कित्येक वर्षांचा शेजार आहे, त्यामुळे तिच्याबद्दल बरं-वाईट बोलायचा हक्क मला आहे आणि मी तो वापरते. तिचे यजमान बाळकृष्णराव संरक्षण खात्याच्या कारखान्यातून रिटायर झाले. हिला मात्र रिटायर होणं ठाऊक नाही.

महाराष्ट्रातली एकटी मुलगी नोकरीसाठी चेन्नईला निघाली, की तिच्या आईबापांना कुणी ना कुणी जयवंतीचा नंबर देतंच. मग ही बाई पोह्यांचा डबा घेऊन सेंट्रलच्या फलाटावर हजर. म्हणून तर मुलींनी तिचं नाव स्टेशनकाकू ठेवलं. तिला ते आवडायचं. ती स्वतः कऱ्हाडहून नवी नवरी म्हणून आली तेव्हा बाळकृष्णरावांना सुट्टी मिळाली नव्हती आणि गाडीची वेळही त्यांना चुकीची कळली होती. भाषा येत नाही, कुणी ओळखीचं नाही. ट्रंकेवर बसून रडत होती. शेवटी एका मराठी टीसीनं तिला घरी आणून सोडलं. त्या टीसीची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की तो माझाच मावसभाऊ असावा असं वाटायला लागलंय.

त्या टीसीपासूनच तिचा शेवटचा नियम निघाला. तिचे नियम पुष्कळ. ऑटोवाल्याला आपण नवखे आहोत हे कळू द्यायचं नाही. बसमध्ये बायकांच्या बाजूलाच बसायचं. ओढणीला पिन, पिशवी पुढं. कुठंही निघालं की ‘मुली सुखरूप’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशन टाकायचं आणि पोचलं की ‘पोचले’ लिहायचं. आणि शेवटचा नियम ती बोट उगारून सांगायची: अडचण आली की आधी आपला माणूस शोधायचा. ओरडायचं झालं तरी मराठीत ओरडायचं. आपलं माणूस जवळपास असेल तर धावत येईल.

माझे यजमान गिरिधर हे तंजावरी मराठी. त्यांच्या घराण्याला तमिळ मुलखात तीनशे वर्षं झाली. ते हा नियम ऐकून हसायचे. म्हणायचे, “आमच्या तंजावरला तर चोरसुद्धा मराठीच बोलत असत, वहिनी.” जयवंती त्यांच्याकडे लक्ष द्यायची नाही.

शर्मिष्ठा बार्शीची. ओरगडमच्या एका गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या कामावर लागली. वडील पाठवायला तयारच नव्हते. जयवंतीनं फोनवर त्यांची समजूत घातली तेव्हा ते म्हणाले, “काकू, तुमच्या भरवशावर पाठवतो. जरा काही कमीजास्त झालं की मी पोरीला परत आणणार, आणि मग तिचं लग्न करून मोकळा होणार.” पोरीला हे शब्द पाठ होते. नोकरी गेली तर पुन्हा बार्शीच्या बाहेर पाऊल पडणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तांबरमच्या लेडीज हॉस्टेलात राहायची, कंपनीच्या बसनं जायची-यायची आणि ग्रुपवर सगळ्यात नेमानं लोकेशन टाकायची.

आता या ग्रुपमध्ये होतं कोण? मुली, जयवंती, इथल्या मराठी मंडळातल्या दोन-चार बायका आणि हेरंबराव. हेरंबराव आमच्या मंडळाचे खजिनदार. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वतःची गाडी, गणपतीत आरती म्हणायला लागले की हॉल भरून जायचा. ‘रात्री-अपरात्री कुणा मुलीला गरज लागली तर गाडी घेऊन जायला एखादा पुरुष माणूस हवा,’ असं म्हणून जयवंतीनंच त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. मांजराला दुधाची राखण. पण हे आज म्हणायचं. तेव्हा सगळ्यांना ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

शर्मिष्ठा कंपनीच्या बसमधून उतरली की स्टॉपवर हेरंबराव दिसायला लागले. “जाता जाता दिसलीस,” म्हणायचे. एकदा, दोनदा, मग वरचेवर. मग मेसेज. आज केस मोकळे का सोडले होतेस. हॉस्टेलचं जेवण बरं असतं का, एक दिवस बाहेर जेवू. पोरगी आधी गप्प बसली, मग जयवंतीला फोन केला. जयवंती हसली. “अगं, आपला माणूस आहे तो. तुझ्या वडिलांच्या वयाचा. काळजीनं विचारत असेल. परगावी आपल्या माणसाला आपल्याच माणसाची ओढ असते.” अण्णा नगरला राहणारा आणि टी. नगरच्या बँकेत जाणारा माणूस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तांबरमला ‘जाता जाता’ कसा दिसतो, हे चेन्नईत उभा जन्म काढलेल्या बाईच्या डोक्यात यायला नको? आलं नाही. किंवा आलं असेल आणि तिनं ते बाहेर ढकललं असेल. पोरीनं पुन्हा एकदा सांगून बघितलं. तेव्हा जयवंती म्हणाली, “लोकेशन मात्र बंद करू नकोस हं.”

भावाच्या लग्नासाठी आईला साडी घ्यायला शर्मिष्ठा रविवारी दुपारी टी. नगरला गेली. नियमाप्रमाणे लोकेशन टाकलं होतं. साडी घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरते तर खाली हेरंबराव उभे. “बघू साडी. चल, गाडी मागच्या गल्लीत लावलीय, सोडतो तुला.” ती नको म्हणाली. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि हसत हसत चालायला लागले. तिनं हात ओढला, तो सुटला नाही.

मग ती ओरडली. शिकवल्याप्रमाणे मराठीत ओरडली. “सोडा मला, कुणीतरी या, हा माणूस मला ओढतोय.” रविवारची टी. नगरची गर्दी, लोक थांबलेसुद्धा. पण त्यांना काय दिसलं? एक चांगल्या कपड्यांतला माणूस आणि एक मुलगी, दोघं एकाच परक्या भाषेत भांडतायत. बाप-लेक असतील, नाहीतर काका-पुतणी. आणि हेरंबराव त्यांना छान तमिळमध्ये सांगत होते, आमच्या घरचीच पोरगी आहे, साडीवरून रुसलीय. लोक हसून पुढं निघाले.

शर्मिष्ठाला तमिळ येत नव्हतं. जयवंतीनं शिकायला सांगितलंच नव्हतं, आपला माणूस शोधायला सांगितलं होतं. तिला एकच शब्द येत होता, जो इथं आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी येतो: तेरियादु. ठाऊक नाही. रिक्षावाल्याला, दुकानदाराला, सगळ्यांना ‘तमिळ तेरियादु’ सांगत फिरायचं. तो शब्द तिला त्या क्षणी सुचला. हेरंबरावांकडे बोट दाखवून ती ओरडत राहिली, “तेरियादु, तेरियादु.” हा कोण, मला ठाऊक नाही.

एवढ्यानं लोक मागं फिरले. पिशव्या घेऊन बसची वाट बघणाऱ्या दोन बायका मध्ये घुसल्या. एकीनं हेरंबरावांच्या हातावर छत्री हाणली, दुसरीनं पोरीला खेचून बसमध्ये चढवलं आणि बायकांच्या बाजूला आपल्या मांडीला मांडी लावून बसवलं. सगळ्या वाटेत ती बाई तिचा हात धरून बसली होती. एकमेकींचं काही कळत नव्हतं. नाव तेवढं कळलं, अलमेलू.

शर्मिष्ठा हॉस्टेलला गेली नाही, ती सरळ आमच्या बिल्डिंगमध्ये आली, जयवंतीकडे. मनगटावर बोटांचे वळ होते. जयवंतीनं ते बघितले. सगळं ऐकून घेतलं. चहा केला. आणि पुढं जे बोलली, ते दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनंच मला सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती, ओट्यावरच्या भांड्यांकडे बघत होती.

झालं होतं असं, की त्याच आठवड्यात मंडळ तिचा सत्कार करणार होतं. इतक्या मुलींना आधार दिला म्हणून शाल-श्रीफळ. पत्रिका वाटून झाल्या होत्या, कऱ्हाडहून तिचा भाऊ यायचा होता. शाल द्यायची होती हेरंबरावांच्या हस्ते. आणि बाळकृष्णराव आतल्या खोलीतून बाहेर येऊन म्हणाले, “आपलेच दात, आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची.” तर जयवंती पोरीला म्हणाली, “जरा सबुरीनं घे, बाळ. कार्यक्रम तेवढा होऊन जाऊ दे. मग मी त्याच्याकडे बघते.”

शर्मिष्ठानं चहाला हात लावला नाही. एवढंच विचारलं, “काकू, आता तरी लोकेशन बंद करू ना?”

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“कर म्हणाले.” जयवंती म्हणाली. “जाताना दारात म्हणाली, काकू, मी रोज तुम्हाला सांगत होते मी कुठं आहे ते. त्याला मला शोधावंही लागलं नाही. आणि मी राजीनामा देते. बाबांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच घरी जाते.”

मी काही गोडबोली बाई नाही. मी तिला फाडफाड बोलले. शालीसाठी पोरगी विकलीस म्हणाले. शब्द जरा जास्तच गेला, पण मागं घेतला नाही. एरवी जयवंती मला दोन शब्द जास्तच सुनावते. त्या दिवशी नुसती मान खाली. “मला लाज वाटते गं, नीलम,” एवढंच म्हणाली. “पोरीला नव्हे, मला तोंड लपवावंसं वाटतंय. तिचं मनगट समोर होतं आणि मी पत्रिकांचा विचार करत होते.” मग उठून गेली. ताटात वाढलेलं तसंच राहिलं.

सत्काराच्या दिवशी तिनं साडी नेसली, ती मी पाहिली. साधी सुती, घरात नेसायची. हॉल भरला होता. हेरंबराव पहिल्या रांगेत, मांडीवर शालीचं तबक. शर्मिष्ठा नव्हती. बाकीच्या मुली मात्र होत्या, त्यातल्या दोघी-तिघी तर त्याच आठवड्यात आलेल्या. सूत्रसंचालकांनी जयवंतीला माइक दिला आणि म्हणाले, काकू, आधी तुमचे नियम होऊन जाऊ देत.

ती सवयीनं सुरू झाली. ओढणी, पिशवी, बसमधली बाजू. लोक हसत होते, मुली तिच्यासोबत म्हणत होत्या. शेवटच्या नियमाला मुलींनी आधीच सुरुवात केली, “अडचण आली की आधी...” आणि जयवंती गप्प झाली. मला वाटलं, चक्कर आली.

“हा नियम चुकीचा आहे,” ती म्हणाली. “हा मी केला आणि तुमच्या गळ्यात बांधला. शर्मिष्ठानं मला दोनदा सांगितलं की हेरंबराव तिच्या मागं लागलेत. मी तिला हसले. रविवारी त्यांनी टी. नगरला भर रस्त्यात तिचा हात धरून ओढलं. ती मराठीत ओरडली म्हणून कुणी आलं नाही. ती माझ्याकडे आली, तर मी तिला म्हटलं, माझा सत्कार होईपर्यंत गप्प बस.” तिनं माइक खाली ठेवला नाही. “तमिळ शिका. सगळ्यात आधी ‘याला मी ओळखत नाही’ एवढं शिका. आणि आजपासून मला कुणी सांगू नका तुम्ही कुठं आहात ते.”

हेरंबराव उठून म्हणाले, काकूंचं वय झालं, गैरसमज झालाय. कुणीतरी माइक बंद केला. बरेच लोक जेवायलाही न थांबता निघून गेले, आणि त्यातले काही आजही जयवंतीशी बोलत नाहीत. बाळकृष्णराव खाली बघत बसून राहिले. पण त्या नव्या मुलींपैकी एकीनं तिथंच फोन काढला आणि हेरंबरावांचे मेसेज बाजूवालीला दाखवले. तिलाही ‘आज केस मोकळे का’ आलं होतं.

तिथून जयवंती घरी आली नाही. लोकलनं तांबरमला गेली. शर्मिष्ठाची बॅग भरून झाली होती. जयवंतीनं तिच्यासमोरच बार्शीला फोन लावला. “तुमची मुलगी शहाणी आहे,” वडिलांना म्हणाली. “चूक माझी आहे, शिक्षा मला करा. तिची नोकरी नका घालवू.” ते बरंच बोलले, चढ्या आवाजात. जयवंती सगळं ऐकत उभी होती, आणि शर्मिष्ठाला फोनमधला शब्द न् शब्द ऐकू येत होता. शेवटी वडील म्हणाले, पोरीला द्या. पोरीनं फोन घेतला आणि म्हणाली, “मी येत नाही, बाबा.” मग दोघी तक्रार द्यायला महिला पोलीस ठाण्यात गेल्या.

शर्मिष्ठानं नोकरी सोडली नाही. जयवंतीला माफ केलं असंही नाही. आमच्याकडे येते, पण जयवंतीच्या दारावरून सरळ माझ्याकडे. तमिळ आता माझ्यापेक्षा बरं बोलते. अलमेलूच्या घरी पोंगलला गेली होती.

‘मुली सुखरूप’ ग्रुप जयवंतीनं मोडला. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसते तेव्हा फोन हातात असतो, सवय जाता जात नाही. परवा माझ्यासमोरच तो वाजला. शर्मिष्ठाचा मेसेज, इतक्या महिन्यांत पहिला.

‘पोचले.’

कुठं, ते लिहिलं नव्हतं. जयवंतीनं ‘कुठं’ असं टाइप केलं. मग ते पुसलं, आणि फोन पालथा ठेवला.